टोन येतोय का?

३ फेब्रुवारी

न विचारता ज्यांच्या दारात खोकी येऊन पडतात अशा समस्त थोरल्या भावांनो,

आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. धाकटी भावंडं दूर जातात, यायचं टाळतात, मग बोलायचंही बंद करतात, आणि एक दिवस कुरिअरवाला सहीसाठी कागद पुढे करतो. खोक्यात यंत्र असतं. माणूस नसतं.

धाकटे, कागदावर उतरवण्याआधी हे मी पुढच्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलं. जुनी सवय. आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि कसली सभा आहे म्हणून विचारू लागली. समस्त भावांपैकी हजर मी एकटाच होतो, म्हणून सभा तहकूब केली आणि आता तुला एकटीला लिहितो आहे.

तू पाठवलेला बिनवायरचा फोन पोचला. खोकं अजून फोडलेलं नाही आणि फोडायचा विचारही नाही. पॅसेजमधला काळा फोन बावीस वर्षं नीट चालतो आहे. तो जड आहे, जागचा हलत नाही, आणि मला तेच आवडतं. फोनवर बोलायचं तर माणसाने एका जागी उभं राहावं. घरभर फिरत जे बोललं जातं त्याला मी बोलणं म्हणत नाही. बत्तीस वर्षं मी डेपोच्या गेटवर लाउडस्पीकरशिवाय बोललो, शेवटच्या रांगेतल्या क्लीनरलाही माझा शब्दन्‌शब्द पोचत होता. भोंगा हे नाव तू उगाच ठेवलं नव्हतंस. अशा माणसाला हे खेळणं कशाला?

खरा प्रश्न वेगळाच आहे. दर रविवारी साडेनऊला तुझा फोन यायचा. दोन महिने झाले, घंटा नाही. तुझ्याकडे फोन नाही, तेव्हा आमच्याकडून लावायची सोय नाही. काय बिनसलं ते सरळ लिही. आडून बोलणं आपल्या घरात कुणाला जमलेलं नाही.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. नेहमीचा साष्टांग या वेळी नाही, कारण मी रागावले आहे.

फोन तुझ्यासाठी नाहीच. तो आईसाठी आहे. पॅसेजच्या त्या पायरीवर गेल्या वर्षी तिचा पाय मुरगळला, तो कशामुळे? तू हाक मारलीस म्हणून ती फोनकडे धावली. नवा फोन तिच्या खुर्चीशेजारी ठेवला तर तिला उठावं लागणार नाही. एवढं साधं आहे. यावर भाषण करू नकोस.

सरळ लिही म्हणालास, म्हणून लिहिते.

आमच्या कारखान्यातले म्हातारे उस्ताद काम सोडताहेत. त्यांची जागा मला देऊ केली आहे. नकली दातांच्या कवळ्यांचा सगळा विभाग माझ्या हाताखाली, पण पाच वर्षं इथून हलायचं नाही. पंधरा मार्चला सही करायची आहे. दादा, मला ती जागा नको आहे. मला घरी यायचं आहे. पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे, दिवसभर उजेड असतो. दात जुळवायला असाच उजेड लागतो. आपल्या भागातले दोन दातांचे डॉक्टर मला काम द्यायला तयार आहेत. प्लॅस्टर, मेण, एक छोटी मोटर आणि एक टेबल, एवढ्यावर माझं काम सुरू होतं.

डिसेंबरात बूथवरून फोन केला तेव्हा हे सगळं आईला सांगितलं. विचारलं, पुढची खोली मला कामाला देशील का, मी कायमची घरी येऊ का? ती म्हणाली, "बरं." मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. तिने विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, आई, मी काय विचारलं? तर तब्येत सांभाळ म्हणाली आणि ठेवून दिला.

तरी पुढच्या रविवारी पुन्हा लावला. हे गेल्यापासून इथे एकटीने किती जड जातं ते मी तिला कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. बोलता बोलता रडायला लागले. बूथवाला बिचारा पाठ करून उभा राहिला. आणि आई म्हणाली, "छान."

दादा, छान. मी तो शब्द घेऊन रस्ताभर चालत घरी आले.

दोन वर्षांपूर्वी तिने मला घरी बोलावलं होतं आणि मी नाही म्हटलं. माझ्या पायावर उभी राहते म्हटलं. तूही होतास तिथे. ती एवढंच म्हणाली होती, जशी तुझी मर्जी. तिने तेव्हाच दार लावून घेतलं असणार. मला ते आता कळलं. म्हणून फोन बंद. रागाने नाही, लाजेने.

धाकटी

१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. युनियनमध्ये असताना मी कितीतरी चौकशा पाहिल्या. कामगाराला न विचारता, त्याचं म्हणणं न ऐकता त्याच्यावर ठपका ठेवणारे साहेब पाहिले, आणि त्या प्रत्येकाविरुद्ध गेटवर उभा राहिलो. आज तू त्या साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसली आहेस. आपल्या आईवर तू दोन शब्दांच्या जोरावर निकाल देऊन मोकळी झालीस. जिने आयुष्यभर सूतिकागृहात परक्या बायकांचे हात धरले, त्यांच्याबरोबर रात्री जागून काढल्या, ती पोटच्या मुलीच्या रडण्याला छान म्हणेल? शक्य नाही. काहीतरी कारण असणार आणि ते मी शोधून काढणार.

पहिलं पाऊल म्हणून खोकं फोडलं.

आतून एक बैठक निघाली, एक हँडसेट, दोन वायरी, दोन सेल आणि अकरा भाषांतली माहितीपुस्तिका. त्या अकरांत आपली भाषा नाही. यावर मला जे वाटतं ते मी आईला वीस मिनिटं ऐकवलं, तुला सोडून देतो. पुस्तिका म्हणते, पहिल्या वापराआधी हँडसेट सोळा तास बैठकीवर ठेवा. सोळा तास! कामगाराच्या दोन पाळ्या झाल्या. लोकांनी आंदोलनं करून आठ तासांचा दिवस मिळवला आणि हा डबा येताक्षणीच त्याच्या दुप्पट मागतो. पण तू म्हणतेस म्हणून मानलं. सेल बसवले, झाकण लावलं, बैठकीची वायर विजेच्या प्लगात घातली, संध्याकाळी सहाला हँडसेट बैठकीवर आडवा केला. सकाळी दहाला उचलला तर पडदा कोरा. बटणं दाबली, काही नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा सोळा तास. तरी कोरा.

खालच्या घड्याळजीला विचारलं. तो म्हणतो, सवडीने बघतो. तू त्याला ओळखतेस. त्याला सवड म्हणजे काय हे तोच जाणे.

खोलीचं आईशी अजून बोललो नाही. वेळ बघून विचारीन. आई बरी आहे. एवढंच.

पंधरा तारखेच्या आत सही करायची नाही. हा ठराव आहे आणि तो मी एकमताने मंजूर केला आहे.

तुझा,
दादा

२६ फेब्रुवारी

दादा,

तू दोन पानं लिहिलीस आणि आई काय म्हणाली त्याचा एक शब्द नाही. मी तुझी बहीण आहे. तू काही लपवायला लागलास की तुझी वाक्यं लहान होतात. "आई बरी आहे. एवढंच." याच्यामागे काय आहे ते मला कळतं. ती काहीतरी बोलली आहे आणि ते मला सांगण्यासारखं नाही. नकोच सांगूस.

फोनचं सांगते. आमच्या कारखान्यात असाच एक आहे. नव्या सेलच्या टोकाशी पातळ प्लॅस्टिकची पट्टी असते, बाहेर जरा जीभ निघालेली. ती ओढून काढल्याशिवाय सेल जागे होत नाहीत. तू ती दुमडून झाकणाखाली नीट दाबून बसवली असशील. हो ना? पट्टी काढ आणि पुन्हा सोळा तास ठेव. मध्येच उचलून बघू नकोस. आता दोन वायरी. एक विजेच्या प्लगात आधीच असेल, दुसरी शेवटी भिंतीतल्या फोनच्या सॉकेटात, जिथे आत्ता काळ्या फोनची आहे. काळा फोन काढावा लागेल. रडू नकोस.

आणि हँडसेट आईच्या हाताशी ठेव. ती पायरीवर पुन्हा पडली तर मला इथे कसं कळणार?

मी पंधराला सही करते आहे. खोलीचं तिला विचारू नकोस. मागून मिळालेली जागा मला नको. फोन सुरू झाल्यावर पहिला फोन माझा येईल अशी वाट बघू नका.

धाकटी

६ मार्च

धाकटे,

आधी कबुली. तू पकडलंस ते खरं आहे.

जानेवारीअखेर आई मला म्हणाली होती, धाकटीला सांग, फोन करत जाऊ नकोस, पत्र लिहीत जा. का ते मी विचारलं नाही. मला वाटलं, तुझ्यावर चिडली आहे. तुला लिहायची हिंमत झाली नाही आणि खोलीचं तिला विचारायचीही हिंमत झाली नाही, कारण ती नाही म्हणेल याची मला खात्रीच होती. तुला साहेब म्हटलं आणि स्वतः त्याच खुर्चीत बसलो होतो. म्हणून खोकंही पंधरा दिवस न फोडता ठेवलं. फोन लागला आणि तू बोललीस तर ती काय बोलेल, याची भीती.

आता कालचं सांगतो. सगळं सांगतो, आणि वाक्यं लहान होऊ देणार नाही.

पट्टी निघाली. दुमडून दाबून बसवली होती, तू म्हणालीस तशीच. सोळा तास झाले, हिरवा दिवा लागला. काल सकाळी दहाला घड्याळजी स्वतःहून वर आला, त्याचं छोटं भिंग कपाळावर चढवलेलं तसंच. काळा फोन त्यानेच काढला. मी खिडकीबाहेर बघत होतो. मग त्याने पडद्यावर तारीख आणि वेळ लावली, यात त्याचा पाऊण तास गेला, कारण सेकंद जुळेपर्यंत तो सोडत नाही.

आईला खुर्चीत बसवलं. हँडसेट तिच्या हातात दिला, बटण दाबून दिलं आणि मी समोर उभा राहून विचारलं, टोन येतोय का?

आईने तो कानाला लावला, डोळे बारीक केले, मान डोलावली. "येतोय की. अगदी स्वच्छ."

घड्याळजी टेबलाखाली वाकला होता. तो सावकाश उठला आणि फोनच्या वायरचं टोक माझ्यापुढे धरलं. ते अजून भिंतीत लावलेलंच नव्हतं.

माझ्या पहिल्यांदा काही लक्षात आलं नाही. मला वाटलं, आपली मेहनत वाया गेली असं वाटू नये म्हणून म्हणत असेल. घड्याळजी मात्र तिच्याकडे बघत राहिला. त्याने मला खूण केली, मागे जा. मी तिच्या खुर्चीमागे गेलो आणि, धाकटे, मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या साध्या आवाजात म्हटलं, आई, चहा घेणार? ती हातातल्या फोनची बटणं न्याहाळत होती. मी पुन्हा विचारलं. ती तशीच. तिसऱ्यांदा मी गेटवरच्या आवाजात विचारलं, तेव्हा वळली आणि म्हणाली, अर्धा कप.

मी खाली जमिनीवर बसलो. माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. घड्याळजीने वायर खाली ठेवली, जरा दुकान बघून येतो म्हणाला आणि निघून गेला. असा समजूतदार माणूस इतकी वर्षं आपल्या पायाखाली राहतो आणि मी त्याला चुकार म्हणत आलो.

आई म्हणाली, "पोटातल्या बाळाचे ठोके मोजलेत रे मी या कानांनी. नळी टेकवली की बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी ठीक आहे म्हटलं की रडायच्या थांबायच्या. आता मला समोरचं माणूस ऐकू येत नाही, हे मी कुणाला जाऊन सांगू?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुझं सगळं ऐकू येतं. या घरात दुसरं कुणी बोलतंच नाही.

दीड वर्ष झालं म्हणे. शेजारणीच्या ओठांवरून तिला कळतं, माझं भिंतीपलीकडूनही कळतं. अडचण फक्त फोनची. मग तिने तुझ्या रविवारांची युक्ती सांगितली. मी हाक मारायचो, धाकटीचा फोन. ती पॅसेजमध्ये जायची, कानाला लावायची, मनात वीस मोजायची आणि बरं म्हणायची. पुन्हा वीस, मग जेवलीस का. पुन्हा वीस, मग छान. जास्त वेळ धरला तर तू काही विचारशील आणि ती सापडेल, म्हणून तब्येत सांभाळ म्हणून ठेवून द्यायची. मी म्हटलं, मग घेत तरी कशाला होतीस? ती म्हणाली, शब्द कळत नव्हते, पण लांबून कुणी गुणगुणावं तसं काहीतरी यायचं. तेवढ्यासाठी रविवारी नवाला अंघोळ आटोपून बसायचे.

धाकटे, हजारो माणसांपुढे मी बोललो. शेवटच्या रांगेला ऐकू जातं का याची काळजी वाहिली. घरातली पहिली आणि एकुलती एक रांग दीड वर्ष फक्त माझाच आवाज ऐकत होती आणि मला वाटत होतं तिला सगळ्यांचं ऐकू येतं. माझ्या ओरडण्यानेच तिचं दुखणं झाकून ठेवलं. हळू बोलणारा मुलगा असता तर आठवड्यात कळलं असतं.

मग मी तुझं अकरा तारखेचं पत्र काढलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं. पूर्ण. खालच्या मजल्यालाही तुझी तक्रार कळली, त्याबद्दल माफ कर. खोलीचा मजकूर आला तसं तिने थांबवलं. "तिने खोली मागितली? आणि मी काय म्हटलं?"

मी म्हटलं, तू बरं म्हणालीस.

"मग झालं तर. ती आली का नाही?"

पुढे तुझ्या रडण्याचा मजकूर आला. तो तिने पुन्हा वाचायला लावला. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी काही बोललो नाही. मलाही गप्प बसता येतं, तुझा विश्वास बसणार नाही. शेवटी मी दोन वर्षांपूर्वीचं विचारलं, मर्जीचं. ती म्हणाली, मर्जी म्हणजे मर्जी. तिची होती, तिने केली, मला बरंच वाटलं होतं. त्यात राग कुठला आणला तुम्ही दोघांनी?

दुपारी घड्याळजी पुन्हा आला आणि वायर भिंतीत लावली. हँडसेटच्या कडेला आवाजाचं बटण आहे, त्याच्या पाच पायऱ्या आहेत. त्याने ती पाचवर नेली, घंटाही सगळ्यात मोठी केली. आईचा डावा कान गेल्यातच जमा आहे, पण उजवा शाबूत आहे. काळ्या फोनला आवाज वाढवायची सोयच नव्हती, आणि मी त्याच्यासाठी भांडत होतो. घड्याळजी खाली दुकानात गेला आणि तिथून फोन लावला. घंटा वाजली. आईने दचकून हँडसेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी हाक मारली नव्हती. तिने बटण दाबलं, उजव्या कानाला लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, जशा त्या बायका बघायच्या.

ती म्हणाली, "घड्याळजी, हा खोकला किती दिवस आहे?"

धाकटे, मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आलो तर ती त्याला वाफ घ्यायला सांगत होती, दिवसातून दोनदा, डोक्यावर टॉवेल घेऊन. सात मिनिटं बोलली. पडद्यावर मिनिटं दिसतात.

येत्या मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे. कानात घालायचं यंत्र द्यावं लागेल असं दिसतं. ती तयार आहे. संध्याकाळी तिने मला पुढच्या खोलीत नेलं आणि माझ्या बत्तीस वर्षांच्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली ढकलायला लावले. खिडकीखाली वितीने जागा मोजली, सात विती टेबल बसेल म्हणते. प्लॅस्टरची धूळ उडते का ते विचारून घे, असा निरोप आहे. मोटरचा आवाज फार होतो का हेही मी विचारणार होतो, पण ती म्हणाली, होऊ दे, मला कुठे त्रास आहे. आणि स्वतःच हसली. पुष्कळ दिवसांनी.

तुझ्याकडे फोन असता तर मी कालच लावला असता. कारखान्यात निरोप ठेवला असता तर तू तो घेतला नसतास, मी तुला ओळखतो. म्हणून हे पत्र, आणि ते पंधराच्या आत पोचावं म्हणून मी स्वतः मोठ्या पोस्टात जाऊन टाकतो आहे. काळा फोन गेला तरी आपला नंबर तोच आहे. हँडसेट आईच्या खुर्चीच्या हातावर आहे. मी उचलणार नाही. घंटा झाली तर मी जिना उतरून खाली जाईन, असं तिला वचन दिलं आहे.

तू आणखी काही लिहू नकोस. सहीच्या कागदाला हात लावू नकोस. पायात चपला घाल, बूथवर जा, घरचा नंबर लाव, खोलीचा प्रश्न तुझ्या नेहमीच्या आवाजात पुन्हा विचार, आणि तिचं उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझा,
दादा